आधी पायरी, मग पंढरीनाथ



आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. आज वाट घेतली आहे. चंद्रभागेच्या वाळवंटापासून विटेपर्यंतची वाट. पायांनी तुम्ही ती पुष्कळदा चालला असाल. आज कानांनी चाला.

झालं असं. एका आषाढीला कीर्तन संपलं, मंडळी पांगली, आणि एक म्हातारी माउली पुढं आली. पायाच्या पिंढऱ्या सुजलेल्या. म्हणाली, "महाराज, पत्राशेडपासून बारीत उभी होते. रात्र गेली, दिवस गेला. देवाच्या पायावर डोकं ठेवतेय न् ठेवतेय तोवर पाठीवर हात आला, 'चला माउली, पुढं चला.' आता घरी गेल्यावर सुना विचारतील, पंढरी कशी हाय? काय सांगू?"

मी म्हणालो, "मावशी, उद्या पहाटे या. देव बघितलात, आता पंढरी बघू." दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिच्या दिंडीतले पाच-सात जण आले. त्यांना दाखवलं तेच तुम्हाला दाखवतो. कारण पंढरीत देव शेवटी भेटतो बरं का. देवाच्या आधी त्याचे भक्त उभे आहेत, आणि त्यांना ओलांडून गेलात तर दर्शन झालं असं मी तरी म्हणणार नाही.

वाट सुरू होते चंद्रभागेपासून. नदी भीमाच, पण पंढरपुराशी येऊन ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथं तिचं नाव चंद्रभागा. स्नान करावं, ते जमलं नाही तर निदान चूळ भरावी, पाणी डोळ्यांना लावावं. एक विनंती करतो. अंगावरचं जुनं लुगडं, फोटो, निर्माल्य तिच्यात टाकू नका. जिला आई म्हणता तिच्या पदरात कोणी कचरा टाकतं का?

नदीच्या पात्रातच पुंडलिकरायांचं मंदिर आहे. पूर आला की ते पाण्यात बुडतं, ओसरला की पुन्हा पूजा सुरू. परंपरा सांगते, देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. उठला नाही. हाताशी होती ती वीट मागं सरकवली आणि देवाला म्हणाला, थांब. देव रागावला नाही, थांबला. इथं पहिला धडा घ्या: या गावात देवाला थांबवण्याचा अधिकार भक्ताला आहे. मग देवाच्या दारात भक्ताला कोणी थांबवावं का? हा प्रश्न मनात असू द्या, पुढं लागणार आहे.

आता घाट चढून महाद्वाराशी या. ही देवळाची पूर्वेची बाजू. गर्दी इथं तुम्हाला ढकलते, तरी पाय रोवून उभे राहा. द्वाराच्या पहिल्या पायरीशी नामदेवराय, आणि त्यांच्या समोर, पायरीच्या खाली, चोखोबारायांची समाधी.

आमच्या मावशीनं चोखोबांपुढं हात जोडले, डोकं टेकवलं, आणि वर बघून विचारलं, "महाराज, नामदेव पायरीपाशी हायेत. मग चोखोबा त्याच्याही खाली का?"

साधा प्रश्न. उत्तराला सहाशे वर्षांचा इतिहास लागतो.

चोखोबा मंगळवेढ्याचे. पंढरपुरापासून पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. जातीनं महार. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळं घर अभंग करणारं. ज्या घराला गावानं वेशीच्या आत घेतलं नाही त्या घरातल्या पाच जणांची वाणी आज आपण टाळ वाजवून म्हणतो. लक्षात घ्या हं! पण चोखोबांना देवळात जाता येत नव्हतं. ते महाद्वाराशी उभे राहत, इथूनच कळसाकडं बघत.

शेवट कसा झाला? मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. चोखोबा मजुरीला होते. कूस कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. साल 1338, शके 1260. जो माणूस जन्मभर गावकुसाबाहेर राहिला, त्याचा प्राण गावकूस बांधताना तिच्याखाली गेला. यावर मी निरूपण करत नाही. करवत नाही.

पुढची कथा सगळ्या वारकऱ्यांना ठाऊक आहे. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातून हाडं निघाली, पण त्यात चोखोबांची कोणती? नामदेव एकेक अस्थी कानाशी लावत गेले. जिच्यातून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरीला आणल्या आणि इथं महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवांना तेवढंच करता आलं. आत नाही नेता आलं. दारापर्यंत आणलं.

आणि मग बारा वर्षांनी, 1350 साली, नामदेवांनी स्वतःसाठी जागा कोणती मागितली? परंपरा सांगते, कुटुंबासह त्यांनी याच पायरीशी देह ठेवला. आत-बाहेर करणाऱ्या संतांच्या पायाची धूळ अंगावर पडावी म्हणून. हे खरंच आहे. पण मला वाटतं, नामदेवांचं तोंड कोणाकडं आहे तेही बघा. ज्या देवाशी नामदेव बालपणापासून बोलत होते, त्याच्या गाभाऱ्याची जागा त्यांनी मागितली नाही. मागितली ती दाराबाहेर ठेवलेल्या मित्रासमोरची. हा माझा भाव आहे, पोथीतला आधार नाही. पटला तर घ्या.

पायरीला पाय लावू नका, हात लावा, आणि आता आत चला.

आत गेलं की कथा थोडी बाजूला ठेवायची आणि दगड वाचायचे. सोळा खांबांचा मंडप तो सोळखांबी. इथल्या गरुडखांबाला तुम्ही मिठी मारता. याच मंडपातल्या तुळईवर 1237 सालचा लेख आहे, होयसळ राजा सोमेश्वर याचा. त्याची भाषा संस्कृत आणि कानडी. आपल्या विठोबाला संत कानडा म्हणतात ते उगीच नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही बोलींची माणसं या वाटेनं तेव्हाही येत होती, आजही येतात.

दुसरा दगड चौऱ्याऐंशीचा. लोक त्याला पाठ घासायचे, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकेल म्हणून. घासून घासून अक्षरं झिजली. त्या दगडावर काय आहे ठाऊक आहे? 1273 ते 1277 या वर्षांत देवळाला कोणी काय दान दिलं त्याची यादी. यादवराजा रामचंद्र आहे, हेमाद्री पंडित आहे, आणि इतर दाते आहेत. नामदेवरायांचा जन्म 1270 चा. म्हणजे ही नावं कोरली जात होती तेव्हा नामदेव तीन ते सात वर्षांचे होते. ज्ञानेश्वर माउलींचा जन्म त्याच काळातला, 1275 चा.

दात्यांची नावं दगडावर कोरली, त्यात चूक काहीच नाही. देऊळ दानावरच उभं राहतं. पण गंमत बघा. राजानं कोरलेलं नाव वाचायला आज अभ्यासक बोलवावा लागतो, आणि चोखोबांचं नाव अक्षर न शिकलेल्या आमच्या मावशीला तोंडपाठ.

आता देव. चौखांबी ओलांडली की गाभारा. कमरेवर हात, समचरण. डोकं पायावर ठेवा आणि पुढं सरका, मागं हजारो उभे आहेत. भाविकाच्या डोक्याला देवाच्या पायाचा थेट स्पर्श होतो, ही या गावाची मोठी श्रीमंती. देव पायाशी घेतो. मग चोखोबांना का नाही घेतलं? देवानं नाही अडवलं. माणसानं अडवलं.

बाहेर येताना कान्होपात्रेचं तरटीचं झाड बघा. तीही मंगळवेढ्याची, गणिकेच्या पोटची. बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा तिनं देवाच्या पायाशी प्राण सोडला, अशी कथा आहे. तिला मात्र देवळाच्या आवारातच जागा मिळाली. मागच्या बाजूला रखुमाई. रुसून दिंडीरवनात आली, म्हणून वेगळी उभी. तिथंही डोकं टेकवा. आईला वगळून बापाचं दर्शन पुरं होत नाही.

प्रदक्षिणेला निघालात की वाटेत तनपुरे महाराजांच्या मठाचं नाव विचारा. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

1947 साल. देश स्वतंत्र व्हायला साडेतीन महिने होते, पण चोखोबांच्या जातभाईंना महाद्वार अजून बंद होतं. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगाव हात जोडले, मंदिरं उघडा, विहिरी उघडा. पंढरीचं दार उघडेना. तेव्हा गुरुजींनी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. त्यांना जागा दिली तनपुरे महाराजांनी. एका वारकरी मठानं. हे विसरू नका, कारण विरोध करणारेही आपलेच होते आणि आसरा देणाराही आपलाच होता. 10 मेला दार उघडण्याचं मान्य झालं आणि गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

तेव्हा काही मंडळींनी सांगितलं, देव आता बाटणार, म्हणून आम्ही देवाचं तेज घागरीत काढून घेतलं आहे. अहो, ज्याच्या तेजानं सूर्य उजळतो ते घागरीत मावतं का?

हसू नका माउली. मी दुसऱ्याची चूक सांगत नाही. माझे आजोबा त्या मंडळींचं ऐकणाऱ्यांतले होते. कीर्तनकार, पाठांतर इतकं की गाथा उलटी म्हणावी. आणि 1947 नंतर किती तरी वर्षं त्यांनी वारी सोडली नाही, पण देवळात पाऊल ठेवलं नाही. महाद्वाराशी यायचे, कळसाला हात जोडायचे, परत फिरायचे. वडिलांनी मला हे मी मोठा झाल्यावर सांगितलं, तेही आवाज खाली करून.

वडील म्हणायचे, "एके वर्षी आबा असेच उभे होते. हात जोडलेले. बाजूला चोखोबांची समाधी. आबा खाली बघत राहिले, बराच वेळ. मग मला म्हणाले, 'बाळ, मी कुठं उभा आहे रे?' मी म्हणालो, महाद्वाराशी. ते म्हणाले, 'चोखोबांच्या जागेवर उभा आहे. त्यांना लोकांनी उभं केलं. मला माझ्या अहंकारानं.'" त्यांनी समाधीवर डोकं ठेवलं आणि बारीत जाऊन उभे राहिले. पुढं कोण, मागं कोण, विचारलं नाही.

हे मी आजवर कीर्तनात सांगितलं नव्हतं. घराण्याची लाज वाटायची. आता साठी उलटली. संतांचं चरित्र सांगायचं आणि आपलं लपवायचं, हे किती दिवस चालणार?

म्हणून मावशीला उत्तर दिलं. "मावशी, चोखोबा 1338 साली दाराशी आले. त्यांच्या माणसांसाठी दार उघडलं 1947 साली. इथून दारापर्यंतची ही थोडीशी पावलं चालायला आपल्या समाजाला सहाशे नऊ वर्षं लागली." पुढं 1973 साली देवळासाठी कायदा झाला, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पूजेचे वंशपरंपरेचे हक्कही संपले. दार हळूहळू उघडतं. ज्याच्या त्याच्या मनाचं दार मात्र ज्यानं त्यानंच उघडायचं असतं.

उरलेली वाट थोडक्यात सांगतो. गावाच्या दक्षिणेला नदीकाठी विष्णुपद. मार्गशीर्षात देव तिथं मुक्कामाला असतो असा भाव आहे. त्याच अंगाला टेकडीवर गोपाळपूर. तिथं जनाबाईंचं जातं दाखवतात. आषाढी पौर्णिमेला पालख्या तिथं जमतात, गोपाळकाला होतो, मग परतीची वाट. काल्यात जात विचारत नाहीत. एकाच्या हातचा घास दुसऱ्याच्या तोंडात. चोखोबांना दारात जे मिळालं नाही, ते काल्यात आहे.

निघताना मावशी पुन्हा महाद्वाराशी गेली. पिशवीतली तुळशीची माळ तिनं बारीत देवासाठी आणली होती, घाईत राहून गेली होती. ती तिनं चोखोबांना घातली. मी विचारलं, "आता सुनांना काय सांगाल?"

म्हणाली, "सांगते, पायरीपासून बघितली."

माउली, तुम्हीही पायरीपासून बघा. बारीत उभे राहाल तेव्हा आधी चोखोबांना सांगून जा, आम्ही आत जातो आहोत. आणि घरी परतल्यावर बघा, आपल्या उंबऱ्याबाहेर अजून कोणी उभं आहे का. असेल तर त्याला आत बोलवा. वारी तिथं पुरी होते.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! चोखोबाराय की जय!