सोंग आणि ढोंग

वडगाव रासाईसारख्या भीमाकांठच्या गांवीं फौजदाराच्या वेषांत बहुरूपी येऊन दरडावूं लागला, म्हणजे मुलें भितात आणि वडील माणसें हंसून त्याच्या हातावर कांहीं तरी ठेवतात. या वेषास आपण ‘सोंग’ म्हणतों, ‘ढोंग’ म्हणत नाहीं. खोटा देखावा दोहोंतही आहे. मग भेद कशाचा?

आमच्या मतें भेद पाहणाराच्या संमतीचा आहे. सोंग खोटें आहे हें दोन्ही पक्षांस ठाऊक असतें. लळितांतील राजा पहांटे मुकुट उतरवितो, आणि कोणाचेंही कांहीं बिघडत नाहीं. ढोंगांत सत्य एकाच पक्षास ठाऊक असतें. म्हणून सोंग ‘वठतें’, तर ढोंग ‘उघडकीस येतें’. ‘झोपेच्या सोंगांत’ फसवणूकच नाहीं काय, असें कोणी विचारील. आहे, तेथें सोंगानें आपली मर्यादा ओलांडली आहे.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, तें आपल्या इतिहासांत दिसतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु ते जिवंत असल्याची वदंता मागें राहिली. पुढें सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ असें सांगूं लागला. तो तोतया ठरून कैदेंत पडला. पण १७७६ सालीं रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडविलें, आणि कोंकणांत त्याच्याभोंवतीं फौज जमली. नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षें झालीं होतीं. सवाई माधवराव दोन वर्षांचे होते. राज्यास कर्ता पुरुष हवा होता, आणि लोकांस तो दिसला! अखेर महादजी शिंदे प्रभृतींच्या फौजांनीं बंड मोडलें, रघोजी आंग्र्यांनीं तोतयास पकडलें, व त्याच वर्षीं पुण्यास त्यास देहान्त शासन झालें.

इकडे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं १७८३ मध्यें मृत्यु येईपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. त्यांच्या कुंकवास सोंग म्हणवत नाहीं, ढोंग तर नाहींच नाहीं. ती आशा होती. आणि तशाच आशेवर तोतयाचें सारें भांडवल उभें होतें. तेव्हां ढोंग पारखावयाचें झाल्यास समोरच्याच्या वेषापूर्वीं आपल्या स्वतःच्या इच्छेकडे पाहावें, हें बरें.