मोटर, सेफ्टी पिना आणि दोन वेबसाइट्स

१९९८ साली अमेरिकेत मार्शल ब्रेन यांनी ‘हाऊ स्टफ वर्क्स’ ही वेबसाइट छंद म्हणून सुरू केली. ते आधी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत. रोजच्या वापरातल्या वस्तू आतून कशा चालतात, ते इथे सोप्या भाषेत वाचायला मिळायचं. २००७ साली डिस्कव्हरीने ही साइट २५ कोटी डॉलर्सना विकत घेतली. कुतूहलाला एवढा भाव!

मी अशा साइट्स भरपूर वाचल्यात. इंजिनाचे चार टप्पे मला तोंडपाठ आहेत: हवा-इंधन आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. पण इंजिन मी कधी उघडलेलं नाही. वाचून कळणं आणि हाताला कळणं यांत फरक आहे, असं मला वाटतं ते दुसऱ्या एका साइटमुळे.

ही साइट पुण्याच्या अरविंद गुप्तांची. तिची मुळं वेबच्याही आधीची. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये १९७२ पासून सरकारी शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू होता. १९७८ साली टेल्कोत इंजिनिअर असलेले गुप्ता रजा काढून तिथे गेले. गावच्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुलांवर आणि पत्र्याच्या शेडखाली त्रिकोण का दिसतात, ते मुलांच्या बोटांना कळलं.

पुढे गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात २०१४ पर्यंत काम केलं. टाकाऊ वस्तूंची खेळणी, छोटे व्हिडिओ, मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं, सगळं त्यांच्या साइटवर फुकट.

त्यातली मोटर मी घरी बनवली. एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबराने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, वर चुंबक आणि पिनांच्या नेढ्यांत टेकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. खरी गंमत तारेवरच्या इनॅमलची आहे. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूने. उघडी बाजू टेकली की वीज वाहते आणि वेटोळ्याला धक्का बसतो. अर्ध्या फेरीनंतर इनॅमल आड येतं, वीज तुटते आणि वेटोळं आधीच्या वेगावर पुढे सरकतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली, तर उरलेल्या अर्ध्या फेरीत उलटा धक्का बसतो आणि वेटोळं नुसतं झुलत राहतं.

घरच्या मिक्सरमध्ये वीज योग्य क्षणी पालटायचं काम कार्बन ब्रश आणि त्यांच्याखालची तांब्याच्या पट्ट्यांची कडी मिळून करतात. दुकानदार ‘कार्बन गेलाय’ म्हणतो, तेव्हा काय गेलंय ते मला आता समजतं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यालाही थरथरवायला आत चुंबक आणि वेटोळंच असतं. फोन कंपनीने चिकटवून बंद केलेला असतो. सेल, दोन पिना आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातली हातभर तार मात्र कुणालाही मिळते.