शंभरातली ब्याऐंशी मुले : शब्द कोणाचे, वाचन कोणाचे?



आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथली तिसरीतली एक मुलगी एक धडा घडाघडा वाचून दाखवत होती. काना, मात्रा, जोडाक्षर, कुठेही अडखळली नाही. आम्ही सहज विचारले, "झरा म्हणजे काय गं?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पाइप फुटल्यावर पाणी येतं ना, तसं?"

दोन-तीन जण हसले. आम्हाला हसू आले नाही. या मुलीने डोंगर पाहिलेला नाही. तिच्या घरामागून महापालिकेची जलवाहिनी जाते आणि ती फुटली की वस्ती हंडे घेऊन धावते. जमिनीतून आपोआप उसळणारे पाणी तिने तेवढेच पाहिले आहे. म्हणजे तिने विचार केला होता आणि तो बराचसा बरोबरही होता. पण तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे, "आकलन कमी."

मित्रांनो, या दोन शब्दांच्या शेऱ्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतल्याशिवाय आपल्या पोरांचे वाचन सुधारणार नाही.

शब्दांची यादी कोणी केली?

मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या कानात हजारो शब्द असतात. वाचायला शिकणे म्हणजे कागदावरच्या अक्षरांतून आवाज काढणे आणि तो आवाज कानातल्या ओळखीच्या शब्दाशी जोडणे. शब्द आधी ऐकलेला असेल तर अर्थ लगेच उजळतो. नसेल तर नुसता आवाज निघतो आणि विरून जातो. म्हणून पहिला प्रश्न हा की पुस्तकातले शब्द कोणाच्या घरातून आले?

मराठीचा पहिला मोठा छापील मराठी-मराठी कोश 1829 साली निघाला. तो पुण्या-मुंबईच्या शास्त्रीमंडळींनी केला. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली निघाली. मोल्सवर्थचे उपकार मान्यच आहेत. त्याने शेतकऱ्यांचे, कारागिरांचे असंख्य शब्द टिपले. पण त्याला मदत करणारे पंडित ब्राह्मण होते, आणि अनेक शब्दांपुढे 'हलक्या बोलीतला' अशा अर्थाचे शेरे आहेत. शाळेच्या सरकारी पुस्तकांची मराठी तपासण्याचे काम पुढे अनेक वर्षे मेजर कँडी यांच्याकडे होते. अशा रीतीने एक 'शुद्ध' मराठी तयार झाली. तिच्यात ओसरी, देवघर, पाट, नैवेद्य, निरांजन हे शब्द साधे ठरले. आपल्या आयांच्या तोंडचे इस्तू, कोरड्यास, आवतण, वंगाळ हे शब्द गावंढळ ठरले.

इथे कट होता की सवय, यावर वाद घालत बसू नका. परिणाम पाहा. एका घरातले मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तक त्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोलते. दुसऱ्या घरातल्या मुलाशी तेच पुस्तक परक्या पाहुण्यासारखे बोलते. मग परीक्षा दोघांची एकच घेतली जाते आणि निकालाला 'गुणवत्ता' म्हटले जाते.

मुक्ता साळवेने काय सिद्ध केले?

1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा निघाल्या. फातिमा शेख या कामात सोबत होत्या. त्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. ज्या जातीला अक्षर बघण्याचीही बंदी होती, त्या जातीची मुलगी काही वर्षांच्या शिक्षणानंतर धर्म, राज्य, न्याय या शब्दांनी पेशवाईचा हिशोब मागते. हे शब्द तिला घरात मिळालेले नव्हते, ते शाळेने दिले. दुःख मात्र तिचे स्वतःचे होते. ते सांगायला शब्द मिळाले आणि निबंध उभा राहिला.

फुल्यांच्या शाळेतली एक आठवण चळवळीत सांगितली जाते. बक्षीस समारंभात एका लहान मुलीने खाऊ-खेळणी नकोत, शाळेला ग्रंथालय द्या, असे म्हटले. आज आपल्या किती विहारांत मुलांच्या पुस्तकांचे एक तरी कपाट आहे? असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे?

मुक्ताचा निबंध छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने त्याला प्रवेश दिला नाही. एकासाठी बाकीचे शाळा सोडतील, हे कारण. एकीकडे मुक्ता लिहीत होती, दुसरीकडे दार बंद होत होते.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले हे आपण जयंतीला सांगतो. पण त्यात त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या, त्या आपण सांगत नाही. एक, प्राथमिक शाळेची पुस्तके व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, ती नव्याने तयार करावीत. दुसरी, शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, लोकांत मिसळणारे, वेळ आली तर नांगर आणि सुताराचा वाकस हाती धरणारे. हा केवळ नोकऱ्यांतल्या वाट्याचा प्रश्न नव्हता. जो नांगर धरतो त्याला 'फाळ', 'रुमणे' म्हणजे काय हे ठाऊक असते आणि मुलाच्या तोंडून तो शब्द आला तर तो हसत नाही. याच जोतीरावांच्या व्याकरणाची टिंगल विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून केली. विचारांना उत्तर देता येत नाही तेव्हा शुद्धलेखन काढायचे, ही खोड तेव्हापासूनची आहे.

सुभेदारांचे घर

मग बाबासाहेबांना शब्द कुठून मिळाले? साताऱ्याच्या शाळेत ते वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. शिपाई आला नाही तर पाणीही नाही. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. शाळा शब्द देताना हात आखडत होती.

पण घरात रामजी सुभेदार होते. ते लष्करी शाळेत शिक्षक होते. कंपनीच्या फौजेत देशी शिपायांच्या मुलांना सक्तीने शिकवले जात असे आणि त्यातून अस्पृश्यांच्या काही घरांत शिक्षण पोहोचले, असे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. रामजींनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके पाठ करून घेतली. परळच्या एका खोलीत पहाटे उठवून अभ्यासाला बसवले. पुस्तकासाठी पैसे नसत तेव्हा लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने मागितले. बाबासाहेब बुद्धिमान होतेच. पण त्यांच्या बुद्धीला रोज शब्दांचे खाद्य घालणारा एक माणूस घरात होता, हे विसरू नका. 'कर्तृत्ववान मूल कुठेही शिकते' हे वाक्य आपल्या वस्तीत कोणी फेकले तर त्याला रामजी सुभेदारांची गोष्ट सांगा.

1892-93च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि हजारो घरांचा हा दरवाजाही मिटला.

म्हणूनच 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी जो आकडा मांडला तो तोंडपाठ करण्यासारखा आहे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेतून बाहेर पडणारे मूल साक्षर असले पाहिजे आणि आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, हा त्यांचा निकष होता. सरकार शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च करते आणि दारूच्या करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशोबही त्यांनी त्याच भाषणात मांडला.

आज हजेरीपटावर मुले चौथीच्या पुढे जातात, हे खरे. पण अक्षर वाचता येते आणि अर्थ लागत नाही अशा मुलांना आपण कोणत्या रकान्यात घालणार? आमच्या मते ती त्या 82 मधलीच आहेत. फक्त आता ती शाळेच्या आत बसून गळतात.

गरिबी मुलाच्या डोक्यात नाही

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा बेसिल बर्नस्टाइनचा सिद्धांत वाचला होता. कामगारांच्या मुलांची भाषा मर्यादित, मध्यमवर्गीयांची विस्तृत, असा त्याचा ढोबळ अर्थ लावून पुष्कळांनी गरीब मुलांना दोष दिला. 1969 साली विल्यम लॅबोव यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचा अभ्यास करून दाखवले की ती बोली पूर्ण तर्कशुद्ध आहे, गप्प बसवणारी असते ती परीक्षेची परिस्थिती. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून 1972 साली दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्या पोरांनाही 'आकलन कमी' हाच शेरा मिळत होता.

त्याच 1972 साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना लिहायला बसलेल्या विजय तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द कळले नाहीत आणि त्यांनी त्यांचे अर्थ कवीला विचारले. तेंडुलकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदरच आहे. पण फरक बघा. मोठ्या लेखकाला आपला शब्द कळला नाही तर तो शब्द विचारतो आणि साहित्य समृद्ध होते. आपल्या सात वर्षांच्या लेकराला त्यांचा शब्द कळला नाही तर ते मूल 'ढ' ठरते.

मग करायचे काय?

दोन सोप्या उत्तरांपासून सावध राहा. काही मित्र म्हणतात, पुस्तके पूर्ण बोलीभाषेत करा. काही म्हणतात, मराठीचा नाद सोडा, पोरं इंग्रजी माध्यमात घाला. पहिल्यांना आम्ही सांगतो, मुक्ता साळवे फक्त घरच्या शब्दांवर थांबली नाही. सातबारा, न्यायालय, संविधान, जामीन, आरक्षण हे शब्द आपल्या मुलांना लागणारच आहेत, ते हक्काचे शब्द आहेत. दुसऱ्यांना सांगतो, 'झरा' माहीत नसलेल्या मुलाला 'स्प्रिंग' शिकवून काय मिळेल? एका अनोळखी आवाजाच्या जागी दुसरा अनोळखी आवाज.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही चार गोष्टी करतो. त्याला खर्च जवळजवळ लागत नाही.

एक, दोन रकान्यांची वही. डावीकडे 'आपला शब्द', उजवीकडे 'पुस्तकातला शब्द'. इस्तू – विस्तव. आवतण – आमंत्रण. वंगाळ – वाईट. डावा रकाना मुले आजीला विचारून भरतात. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांनी मुकादम, उचल, मोळी, फड, कोपी असे शब्द आणले, त्या दिवशी इतर मुले त्यांच्याकडून शिकली.

दोन, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. जे मूल स्वतः अजून वाचू शकत नाही, तेही कानाने शब्द गोळा करते.

तीन, रोज फक्त तीन-चार नवे शब्द. व्याख्या पाठ करायची नाही. चित्र काढायचे, वाक्य करायचे, आठवडाभर वेगवेगळ्या गोष्टींत तो शब्द पुन्हा भेटवायचा. एकदा भेटलेला शब्द टिकत नाही.

चार, हसायचे नाही. चुकीच्या उत्तरामागचा विचार आधी विचारायचा.

पाली भाषेच्या व्याकरणाचे आणि शब्दकोशाचे काम खुद्द बाबासाहेबांनी केले. त्यांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय मालिकेतला 16वा खंड तोच आहे. घटना लिहिणारा माणूस शब्दांच्या याद्या करत बसला. शब्द जमवणे हे बालवाडीचे किरकोळ काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो खंड एकदा हातात घेऊन पाहावा.

14 एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते, पण वस्तीतल्या मुलांसाठी वीस गोष्टींची पुस्तके घ्यायला निघत नाही. ही टीका आम्ही बाहेरून करत नाही, आमच्याच मंडळाची कहाणी आहे. गेल्या वर्षी आम्ही एका दिवसाचा मंडप लहान केला आणि त्या पैशांत पुस्तके आणली. वाद झाला, पण कपाट भरले.

ती मुलगी आता चौथीत आहे. तिच्या वहीत 'झरा' उजव्या रकान्यात आहे आणि डावीकडे तिने स्वतः लिहिले आहे, 'फुटलेला पाइप'. आम्ही ते खोडले नाही.

तुमच्या वस्तीत संध्याकाळी एक तास देऊ शकणारे तिघे जण शोधा. विहाराची किल्ली मागून घ्या. पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट वाचा. सरकारकडे शाळा, शिक्षक आणि पुस्तके मागण्याचा लढा चालूच राहील. पण आज संध्याकाळी जे मूल पुस्तक उघडून नुसते आवाज काढत बसले आहे, ते त्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही.

जय भीम!