कानातले प्रक्षेपण केंद्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या शिवऱ्याच्या घरी लोखंडी पेटीत एक छोटी पुस्तिका आहे. आत वर्षावर्षाची तिकिटे चिकटवलेली, त्यांवर पोस्टाचे शिक्के. हा अब्बांच्या रेडिओचा परवाना. तरुण श्रोत्यांना खरे वाटणार नाही, पण बातम्या ऐकायलासुद्धा तेव्हा सरकारची परवानगी लागे. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगणे हा गुन्हा होता. मुदत संपत आली की अब्बा मला पैसे देऊन पोस्टात पिटाळत. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली, तरी पुस्तिका त्यांनी टाकली नाही. "सरकारी कागद आहे, असू दे," म्हणाले.

परवा तिची आठवण अम्मीने करून दिली. तिला कमी ऐकू येते. नवे श्रवणयंत्र मोबाइलला जोडून दिले, बातम्या लावल्या. तार नाही, काही नाही. आवाज थेट कानात. थोडा वेळ ऐकून तिने विचारले, "याचं लायसन काढलंस का रे?"

हसलो खरा, पण प्रश्न रास्त होता. अब्बांचा रेडिओ फक्त ऐकत असे. हे यंत्र उलट उत्तरही देते, म्हणजे अम्मीच्या कानात चक्क एक प्रक्षेपण केंद्र आहे! त्याला परवाना लागत नाही, कारण त्याची ताकद अगदी थोडी. हाक साधारण दहा मीटरपर्यंतच जाते. अशा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. १९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीही २०२३ चा दूरसंचार कायदा संमत झाला आहे.

या तंत्राला ब्लूटूथ म्हणतात. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये डच अभियंता याप हार्टसेन यांनी त्यावर काम सुरू केले. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आल्या. नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये तात्पुरते म्हणून सुचवले होते. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड, टोपणनाव 'निळा दात'. विखुरलेल्या टोळ्या त्याने एका छत्राखाली आणल्या, तशी ही यंत्रे जोडायची. मी कवी, मला हे नाव फार आवडले. कंपन्यांना दुसरे काही जमले नाही, हे बरेच झाले.

पण एवढ्याशा पट्ट्यात गर्दी केवढी! वायफाय तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गडबडही तिथेच. मग संभाषण तुटत कसे नाही? मूळ ब्लूटूथमध्ये पट्ट्याचे ७९ भाग केले आणि दोन्ही यंत्रे आधी ठरलेल्या क्रमाने, सेकंदाला १६०० वेळा, एका भागातून दुसऱ्यात उड्या मारू लागली. एखादी जागा अडली तरी पुढची मोकळी मिळते. उड्यांची कल्पना मात्र जुनी. हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ मध्ये पाणतीरासाठी तसे पेटंट मिळाले होते; त्यात जागा ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

हे सारे अम्मीला समजावून मी फाटकाबाहेर पडलो. मागून हाक आली, "अरे, बातम्या बंद पडल्या!" मोबाइल माझ्याच खिशात होता. परत फिरलो आणि तो तिच्या उशाशी ठेवून गेलो.