गील गावचे बिऱ्हाडकरू

वेड लागलेल्या माणसाची जागा इस्पितळात, असेच आपण ऐकत आलो. परंतु बेल्जम देशात गील नावाचे गाव आहे. तेथे शेकडो वर्षे अशी माणसे परक्यांच्या घरी घरच्यासारखी राहत आली.

त्याचे मूळ एका दंतकथेत आहे. आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली व दुःखाने त्याचे डोके फिरले. त्याच्या भयाने राजकन्या डिंफ्ना गीलला पळून आली, पण राजाने तिला तेथे गाठून तिचा शिरच्छेद केला. पुढे ती वेडाने पीडलेल्यांची त्राती संत मानली गेली. १३४९ साली तिच्या नावाचे चर्च बांधावयास घेतले. दूरदूरचे लोक आपला रोगी तेथे आणीत व नऊ दिवसांचे अनुष्ठान करीत. १४८० साली चर्चला लागून रोग्यांसाठी जागा झाली. तीही अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अनुष्ठान संपले तरी कित्येकजण तेथेच राहिले.

घरात राहणाऱ्याला रोगी म्हणत नसत. जेवूनखाऊन राहणारा बिऱ्हाडकरू, अशा अर्थाचा शब्द होता. तो शेतात राबे, मुले खेळवी, सर्वांच्या पंक्तीस जेवी. हाताला काम व ताटाला जागा मिळाली की माणूस सावरू लागतो, हे त्या बायांनी पुस्तकावाचून ओळखले.

सारेच गोड नव्हते. काहींच्या पायांत बेड्याही असत. १८५० च्या कायद्याने सरकारी देखरेख आली, १८६२ त रुग्णालय झाले. डॉक्टर लक्ष ठेवू लागले. घराला मोबदला मिळे. १९३८ च्या सुमारास असे ३,७०० च्या वर लोक गावात होते. पुढे शेती घटली, बायका नोकरीस जाऊ लागल्या, नवी औषधे निघाली. आता ती संख्या फार थोडी उरली आहे. २०२३ साली युनेस्कोने या प्रथेची आदर्श म्हणून नोंद घेतली.

आपल्याकडेही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणास इस्पितळात ठेवू नये. मग तो जाणार कोठे? गीलच्या गृहिणीच्या पाठीशी डॉक्टर, मोबदला व सारा गाव होता. आपल्या आळीतील एखादी आई हे ओझे एकटीच वाहते. तिच्या मुलाला आपण हळदीकुंकवाच्या, सत्यनारायणाच्या घरी बोलावले आणि दोन शब्द बोललो, तरी तिचा भार थोडा हलका होईल. एवढे तर आपल्या हाती आहे.