नँटकेटची दीपनौका : धुक्यातला नांगरलेला दिवा

दीपगृहाला पायाखाली भक्कम आधार लागतो. जेथे केवळ सरकती वाळू आणि खोल पाणी आहे तेथे बुरूज बांधता येत नाही; म्हणून दिवा जहाजावर चढवून ते जहाजच नांगरून ठेवण्याची कल्पना निघाली. थेम्स नदीच्या मुखाशी नोर येथे १७३२ साली पहिली आधुनिक दीपनौका उभी राहिली. पुढे हुगळीच्या मुखाशीही अशा नौका होत्या. मात्र साऱ्या दीपनौकांत सर्वाधिक ख्याती, आणि सर्वाधिक दुर्दैवही, अमेरिकेच्या नँटकेट ठाण्याच्या वाट्याला आले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील नँटकेट बेटाच्या आग्नेयेस उथळ वाळूचे दांडे मैलोन्‌मैल पसरले आहेत. युरोपातून न्यूयॉर्ककडे जाणारा जलमार्ग त्यांच्याच कडेने जातो. १८५४ साली तेथे पहिली दीपनौका नांगरण्यात आली. अटलांटिक ओलांडून आलेल्या लाखो स्थलांतरितांना अमेरिकेची पहिली खूण दिसली ती या नौकेच्या दिव्याची. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्यानंतर यायचा.

दीपनौकेचे काम म्हणजे जागचे न हलणे. आळंब्याच्या आकाराचा अवजड नांगर, जाड साखळदंड, दुरून ओळखू यावा असा तांबडा रंग आणि दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत ठाण्याचे नाव. वादळ आले की इतर जहाजे आसरा शोधतात. दीपनौकेने मात्र तेथेच राहायचे. साखळदंड तुटला तर नौका वाहत जाई आणि चुकीच्या जागी पेटलेला दिवा हा नसलेल्या दिव्याहून घातक ठरे.

१८९१ साली गुस्ताव कोबे या लेखकाने 'सेंच्युरी' मासिकात नौकेवरील जीवनाचे वर्णन केले. खलाशांना खरा जाच वादळाचा नव्हे, एकांताचा होता. कुठेही न जाणाऱ्या जहाजावर महिनोन्‌महिने डोलत राहायचे, धुके पडले की इशाऱ्याची घंटा बडवायची आणि त्याच आवाजात झोपायचे. यापेक्षा तुरुंग बरा, असे वाटणारेही तेथे होते. वेळ घालवण्यासाठी ते लाकडी साच्यावर वेताच्या टोपल्या विणत. विसाव्या शतकाच्या आरंभी नौकेवरील हा उद्योग थांबला. टोपल्या मात्र बेटावर टिकल्या आणि पुढे श्रीमंत महिलांच्या हातातील महागड्या पर्स झाल्या. कंटाळ्यातून जन्मलेल्या वस्तूला एवढी प्रतिष्ठा क्वचितच लाभली असेल.

१९०१ साली या नौकेवर बिनतारी संदेशयंत्र बसले. १९०५च्या डिसेंबरात ठाण्यावरील नौकेत पाणी शिरले तेव्हा बिनतारी संदेशाने मदत मागण्यात आली. नौका बुडाली, पण सर्व खलाशी वाचले. ऑक्टोबर १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीने या परिसरात पाच जहाजे बुडविली. त्यांवरील शंभराहून अधिक माणसे वल्ही मारत दीपनौकेवर पोहोचली. मोजक्या माणसांसाठी बांधलेल्या त्या नौकेने त्या सर्वांना सामावून घेतले.

पुढे रेडिओ-संकेत आले आणि सोयीबरोबर नवा धोकाही आला. जहाजे संकेताच्या रोखाने सरळ दीपनौकेवर चाल करून येत आणि अगदी जवळ आल्यावर दिशा बदलत. जानेवारी १९३४ मध्ये 'वॉशिंग्टन' हे प्रवासी जहाज तिला घासून गेले. इशारा पुरेसा स्पष्ट होता. १५ मे १९३४ रोजी दाट धुक्यात 'टायटॅनिक'चे भगिनी-जहाज 'ऑलिंपिक' याच संकेतावर येत होते. वेग कमी केलेला होता, तरी तांबडी नौका दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. पंचेचाळीस हजार टनांहून मोठ्या जहाजापुढे ६३० टनांची 'एलव्ही-११७' क्षणात दुभंगली. तिच्यावर अकरा जण होते. 'ऑलिंपिक'ने तातडीने बोटी उतरवून सात जणांना बाहेर काढले; त्यांतील तिघे नंतर दगावले. एकूण सात मृत्यू.

ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली. त्यातून १९३६ साली सुमारे तीन लाख डॉलर खर्चून दुहेरी कवचाची 'एलव्ही-११२' बांधण्यात आली. १४८ फुटांची ही नौका अमेरिकेतील सर्वांत मोठी दीपनौका ठरली. युद्धकाळ आणि इतर काही काळ वगळता तिने १९७५ पर्यंत हे ठाणे सांभाळले. धडक देणारे 'ऑलिंपिक' मात्र १९३५ मध्येच सेवेतून निवृत्त झाले.

१९८३ साली नँटकेटच्या जागी स्वयंचलित तरंगता बोया आला आणि १९८५ साली अमेरिकेतील अखेरची दीपनौका निवृत्त झाली. आता जहाजे उपग्रहांच्या आधारे आपले स्थान ठरवितात. 'एलव्ही-११२' २०१० साली बॉस्टन बंदरात आणण्यात आली. तिच्यावर संग्रहालय करण्यात आले असून, खलाशांच्या खोल्या तेथे पाहता येतात.