केबल नाही, तरी 'बिग बॉस मराठी' लाईव्ह बघायचंय? पैसे घालण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर (ग्रामीण प्रतिनिधी) : 'बिग बॉस मराठी'चा सीझन लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. "भाऊ, आमच्या वस्तीवर केबल नाही. लाईव्ह कसं बघायचं? फुकटात काही जमतंय का?" कन्नडहून फोन, सोयगावहून फोन, पैठणहून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी सरळ उत्तर. फुकट, लाईव्ह आणि कायदेशीर, ही तिन्ही एकदम जमत नाहीत. हा शो कलर्स मराठीवर लागतो आणि कलर्स मराठी हा पैसे भरून घ्यायचा चॅनल आहे. त्यामुळे थोडेफार पैसे लागणारच. पण ते केबलपेक्षा कमी कसे लागतील आणि फसवणूक कशी टाळायची, एवढं आपल्या हातात आहे. फुकटच्या नादात जास्त पैसे घातलेली माणसं मी पाहिलीत. त्यात मी स्वतःही आलो, ते पुढे सांगतो.

केबल नसण्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. गावठाणात केबलवाला आहे, पण निम्मी घरं आता शेतात राहायला गेली. दोन-तीन किलोमीटर वायर ओढून चार घरांसाठी कोण येणार? आणि आली तरी नांगरटीत, नाहीतर जेसीबीच्या कामात तुटणार.

गावाकडची माणसं हा शो का बघायला लागली

हा खेळ मूळचा नेदरलँड्सचा. 1999 मध्ये तिथे 'बिग ब्रदर' नावाने सुरू झाला. मराठीत 2018 मध्ये महेश मांजरेकरांनी पहिला सीझन केला. तेव्हा आमच्याकडे तो फारसा कुणी बघत नव्हतं, शहरातल्या लोकांची भांडणं म्हणून सोडून द्यायचे. दुसऱ्या सीझनला अमरावतीचा शिव ठाकरे जिंकला, तेव्हा जरा चर्चा झाली. पण खरी गर्दी झाली ती पाचव्या सीझनला. 28 जुलै 2024 ला सुरू झाला, सूत्रसंचालक रितेश देशमुख, म्हणजे आपल्या मराठवाड्याचा, लातूरच्या बाभळगावचा. घरात आपल्या संभाजीनगरची निक्की तांबोळी होती आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण होता. रीलवाला पोरगा, शाळा फार नाही, बोलणं एकदम गावाकडचं. 6 ऑक्टोबरला तो जिंकला आणि 14 लाख 60 हजारांचं बक्षीस घेऊन गेला. दुसरा आला अभिजीत सावंत, 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता.

माझी आई सत्तरीच्या पुढची. तिला निक्कीचा राग यायचा आणि सूरजची काळजी वाटायची. "त्या लेकराला जेवू तरी देतात का?" असं विचारायची. आईला लाईव्ह दाखवायच्या खटपटीतच मी ही सगळी माहिती शिकलो.

फ्री डिशवर दिसतं का? नाही.

हे ठळक अक्षरात वाचा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शनची सेवा आहे. डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याचा रिचार्ज काहीच नाही. सेवा चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. डीडी सह्याद्री आहे, बातम्या आहेत, काही मराठी सिनेमाचे आणि मनोरंजनाचे चॅनल आहेत. खासगी चॅनलवाल्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, म्हणून एप्रिल महिना लागला की यादीत बदल होतो. काल दिसणारा चॅनल आज गायब, असं होतं ते त्यामुळे. पण कलर्स मराठी त्या यादीत नाही.

मला बाजारच्या दिवशी एका दुकानदाराने सांगितलं होतं, "सगळे मराठी चॅनल फुकट, लाईफटाईम." मी विचारलं, बिग बॉस लागेल ना? म्हणाला, लागेल की. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणारा माणूस धरून अठराशे रुपये गेले. रात्री 9 वाजता आई चष्मा पुसून बसली आणि मी रिमोट घेऊन चॅनल फिरवतोय. दोन वेळा ऑटो स्कॅन केलं. तिसऱ्यांदा छत्रीच हलवायला गेलो, तर जे दिसत होतं तेही गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणतो, "पुढच्या महिन्यात येणार आहे." पुढचा महिना म्हणजे कधीचा, हे त्याने सांगितलं नाही.

छत्री हललीच असेल तर एक लक्षात ठेवा. आपल्या भागात फ्री डिशच्या छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे आणि समोर कडुलिंबाची फांदी आली तरी सिग्नल जातो.

काही म्हातारी माणसं अजून विचारतात, जुना अँटेना लावला तर? म्हैसमाळच्या टॉवरवरून पूर्वी दूरदर्शन दिसायचं, ते आठवत असतं त्यांना. त्या अँटेनावर खासगी चॅनल तेव्हाही येत नव्हते, आणि दूरदर्शननेही ती जुनी प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने बंद केली आहेत.

टीव्हीवरच बघायचं असेल तर डीटीएच, पण पॅक स्वतः निवडा

टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी2एच यांची छत्री वस्तीवर कुठेही बसते. खर्च येतो तो पॅकमुळे. बसवणारा माणूस दोनअडीचशे चॅनलचा मोठा पॅक चिकटवतो, त्यात तमिळ आणि बंगालीसुद्धा असतात. घरात बघणार कोण?

ट्रायच्या नियमाप्रमाणे चॅनल सुटा घेता येतो. बिलाचे दोन भाग असतात. एक, कंपनीचा ठरलेला आकार, ज्याला एनसीएफ म्हणतात. बरीच वर्षं तो 200 चॅनलपर्यंत जास्तीत जास्त 130 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण 153 रुपये होता. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली, आता कंपनी स्वतः ठरवते, म्हणून आधी विचारून घ्या. दुसरा भाग म्हणजे तुम्ही निवडलेल्या पैशाच्या चॅनलची किंमत. कस्टमर केअरला फोन लावून स्पष्ट सांगा, "मला पॅक नको, फुकटचे चॅनल ठेवा आणि कलर्स मराठी सुटा द्या." ते पॅकच गळ्यात मारायला बघतील. दोन-तीनदा सांगावं लागतं. आमच्या घरी शेवटी हेच केलं.

सीझन संपला की तो चॅनल काढून टाकता येतो. पाचवा सीझन 70 दिवस चालला, तेवढ्यासाठी वर्षभराचा रिचार्ज कशाला?

यात एकच खोट आहे, जोराचा पाऊस आला की चित्र अडकतं. आणि लाईट गेली तर सगळंच गेलं, त्याला कंपनी काय करणार.

मोबाईलवर

आधी हा शो जिओसिनेमावर दिसायचा. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, तेव्हापासून कलर्स मराठीचे कार्यक्रम त्याच ॲपवर असतात. जुनं जिओसिनेमा शोधत बसू नका. त्या नावाने कुणी फाईल पाठवली तर ती उघडूही नका.

ॲप सुरू झालं तेव्हा मोबाईलचा प्लॅन तीन महिन्यांना 149 रुपये होता, जाहिरातींसह. नंतर दर आणि प्लॅन बदलत असतात, पैसे भरण्याआधी ॲपमध्येच बघा. तीन महिन्यांत 70 दिवसांचा सीझन आरामात बसतो. सीझन लागायच्या दिवशी घ्या, महिनाभर आधी नको.

इथे एक गोची आहे. मोबाईलचा प्लॅन फक्त मोबाईलवर आणि एकाच फोनवर चालतो. तो घेतला आणि घरच्या स्मार्ट टीव्हीवर लावायला गेलात की ॲप वरचा प्लॅन मागतं. टीव्हीसाठी 'सुपर' नावाचा प्लॅन होता, सुरुवातीला तीन महिन्यांना 299 रुपये, दोन ठिकाणी चालणारा. शेजारच्या वस्तीवरच्या एकाने आधी 149 भरले, मग टीव्हीवर चालेना म्हणून पुन्हा 299 भरले. म्हणून आधी ठरवा, एकटा बघणार की घर मिळून.

त्याआधी तुमचा नेहमीचा रिचार्ज तपासा. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या काही पॅकमध्ये हे ॲप आधीच दिलेलं असतं. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. कंपनीच्या ॲपमध्ये पॅकखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मुलाला वाचायला सांगा. किती दिवस चालणार आणि मधे रिचार्ज चुकला तर बंद होणार का, हेही तिथेच असतं.

डेटा कुठे संपतो

दिवसाला दीड जीबीवाला पॅक असेल तर हिशोब असा. मध्यम क्वालिटीत तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो. एचडी ठेवलं तर एक ते दीड जीबी. ॲप 'ऑटो'वर असतं, रेंज चांगली मिळाली की ते आपोआप एचडी करतं आणि तासाभरात दिवसाचा डेटा खलास. मग स्पीड 64 केबीपीएसवर येतो, त्यात फोटोसुद्धा उघडत नाही. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकावर जाऊन क्वालिटी कमी करून ठेवा. सहा इंचांच्या स्क्रीनवर फरक कळत नाही.

फोनच्या हॉटस्पॉटवर स्मार्ट टीव्ही चालवत असाल तर क्वालिटी टीव्हीच्या ॲपमध्येही कमी करावी लागते. फोनमध्ये केलेली तिकडे लागू होत नाही.

गौताळ्याच्या बाजूच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगराखालच्या गावांत रात्री 9 ला रेंजच पडते, कारण सगळे तेव्हाच बघत असतात. त्यांनी लाईव्हचा हट्ट सोडावा. एपिसोड ॲपवर राहतो. सकाळी 6 ला दूध काढायच्या आधी लावला तर न अडकता चालतो. आणि खरं सांगायचं तर रोजचा एपिसोड आधी चित्रित करून, कापून-जोडूनच दाखवतात. ॲपवरचा चॅनलही टीव्हीच्या मागे काही सेकंद धावतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो तो म्हणूनच.

घरात वायफायच घ्यायचं असेल तर 5जी पोचलेल्या गावांत एअरफायबर आहे. जिओने सप्टेंबर 2023 मध्ये ते आणलं तेव्हा सुरुवातीचा प्लॅन 599 रुपये अधिक जीएसटी होता, टीव्ही चॅनल त्यातच. पोरं ऑनलाईन शिकत असतील तर परवडतं. निव्वळ एका शोसाठी नाही.

'फ्री लाईव्ह' लिंक आणि एपीके

शेजारच्या गावातल्या ओळखीच्या एकाला व्हॉट्सॲप ग्रुपवर फाईल आली. 'बिग बॉस मराठी लाईव्ह फ्री', शेवटी एपीके. त्याने टाकली. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्याने दिली. शो काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून अद्रकीच्या पट्टीचे साडेअठरा हजार गेले. ओटीपी कुणाला सांगितला नव्हता, पण मेसेज ते ॲपच वाचत होतं. सांगायची गरजच नव्हती.

टीव्ही बघायच्या ॲपला तुमचे मेसेज कशाला लागतात? हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. टेलिग्रामवर एपिसोड टाकणारे चॅनल कायद्यात बसत नाहीत, आणि त्यांच्या लिंकमधून असल्याच फाईली येतात. यूट्यूबवर 'लाईव्ह' लिहिलेले व्हिडिओ बहुतेक एकाच फोटोवर तासभर बोलणारे असतात. कलर्स मराठीच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर छोटे तुकडे आणि प्रोमो फुकट दिसतात, तेवढं बघायला हरकत नाही.

पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा, बँकेला सांगून खातं थांबवा, आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर 1930 ला कळेल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या ओळखीच्याने दोन दिवस बायकोलाही सांगितलं नाही. तोवर पैसे काढून झाले होते.

मतदानाचं

अभिजीत सावंतच्या वेळी, 2005 मध्ये, एसएमएस पाठवून मत द्यावं लागायचं आणि बॅलन्स कापला जायचा. आता मत ॲपमध्येच देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सूरजच्या वेळी गावोगावची पोरं पारावर बसून एकमेकांना कुठे दाबायचं ते शिकवत होती. कुणी 'मत नोंदवायला 10 रुपये स्कॅन करा' म्हणत असेल तर तो चोर. वेगवेगळ्या वेबसाइटवर 'आजचा व्होटिंग निकाल' म्हणून जे टक्के दिसतात, ते त्यांचे स्वतःचे पोल असतात. त्यावर पैज लावू नका. आमच्याकडे एकाने पार्टीची पैज लावली होती, कोंबडा त्यालाच द्यावा लागला.

तुमच्या भागात फ्री डिश विकताना कुणी 'कलर्स मराठी लागेल' असं सांगत असेल, तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. पक्कं बिल घ्या, त्यावर चॅनलचं नाव लिहून द्या म्हणा. मी बिल घेतलं नव्हतं, म्हणून ती छत्री आता घरावर तशीच आहे. आई तिच्यावर सकाळी सह्याद्री लावते.